लेडीज दरवाज्यावरची कोंडाबाई

मला कोंडाबाईचा हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी तिच्याबद्दल जे काही चांगलं लिहीन ते किती जिवावर येतंय हे लक्षात राहील.

ती हैदराबादला कोठी भागातल्या एका थिएटरात लेडीज दरवाज्यावर तिकिटं फाडायची. मी कॉलेजात मराठी शिकवायचे. कादंबरीतल्या स्त्रिया हा माझ्या प्रबंधाचा विषय, त्यावर सहा वर्षं घातलेली. आता सांगा, मी तिचा हेवा का करावा? पण केला. पोटभर केला.

रविवारी सकाळी नऊला मराठी मंडळाच्या वाचनालयात आमचा बायकांचा गट जमायचा. एका आठवड्याला कादंबरी, एका आठवड्याला सिनेमा. त्यातली बाई कशी रंगवलीय, तिच्या वाट्याला काय ठेवलंय, पुरुषाच्या वाट्याला काय, यावर बोलायचं. गट मीच काढलेला. कोण काय बोललं ते वहीत लिहायचं कामही माझंच, आणि ते नावानिशी लिहायची पद्धत होती. 'सुशीलाबाई म्हणाल्या', 'अनुराधाताईंनी मुद्दा मांडला', असं. अनुराधाताई म्हणजे मी. वही मंडळाच्या कपाटात असायची. कुणीही वाचावी अशी होती, पण वाचत कुणी नसे.

चौऱ्याण्णव साली सुशीलाबाईंनी कोंडाबाईला आणलं. त्यांच्याच गल्लीत राहायची. घराणं नांदेडकडचं, पण ती वाढली इथेच हैदराबादेत, शाळा सातवीपर्यंत आणि तीही तेलुगूत. मराठी ओळीवर बोट ठेवून वाचायची. कादंबरी तिला सुशीलाबाई वाचून दाखवत. पहिल्या खेळाआधी थिएटरात पोचायचं म्हणून सव्वादहालाच चर्चेतून उठून जायची. मला वाटलं, येईल दोन रविवार आणि कंटाळून जाईल.

दुसऱ्याच रविवारी एका गाजलेल्या सिनेमावर चर्चा होती. मी वीस मिनिटं बोलले. आईचा त्याग, तिचं शेवटचं ते लांबलचक भाषण, आणि त्या भाषणात प्रत्येक बाई स्वतःला कशी बघते नि रडते. छान बोलले होते. कोंडाबाईने हात वर केला.

"मॅडम, तिथं बाया रडत न्हाईत. तिथं बाहेर येतेत."

"कोण बाहेर येतात?"

"समद्याच. लेकराला मुतवायला, पानी प्यायला. सात हप्ते चालला पिच्चर, रोज चार खेळ. आईनं भाषन सुरू केलं की माझं दार कुरकुरायला लागतंय."

सगळ्या हसल्या. मीही हसले, दात दाखवण्यापुरतं. सुशीलाबाईंनी विचारलं, "मग रडतात कुठं गं?"

"ती लेक लगीन होऊन म्हायेरी येते बघा. आतल्या खोलीत जाते तर तिची खाट न्हाई. तिथं भावाची मोटरसायकल लावलेली. दोन मिनटाचा शीन. तिथं कुनी उठत न्हाई. लेकरू बोंबललं तरी उठत न्हाई. मी पडद्याकडं कमी बघते मॅडम, बायांकडं जास्ती बघते."

मी तो सिनेमा दोनदा पाहिला होता. खाट माझ्या लक्षातही नव्हती. अंगाचा नुसता तिळपापड झाला. चौदा वर्षं दारात उभं राहून या बाईने जे पाहिलं, ते मला शंभर पुस्तकांत सापडलं नव्हतं.

घरी वही घेऊन बसले तेव्हा तिचं नाव हातून उतरेना. शेवटी लिहिलं, 'गटात असाही एक मुद्दा निघाला की...'. एवढंच.

एकदा हात बाटला की पुढचं सोपं जातं. महिन्याभराने आम्ही एक कादंबरी घेतली होती. तिच्यातली नायकाची बायको तीनशे पानांत जेमतेम दहा वाक्यं बोलते. ही स्त्री मुकी आहे, सोशिक आहे, असं आमचं चाललेलं. कोंडाबाई म्हणाली, "ती गप कुठंय? तिच्या बोलायच्या टायमाला लिवनारा तिला चुलीकडं धाडतोय. पानं उलटून बघा." पानं उलटून पाहिली. सात वेळा धाडलं होतं. त्या रात्री मी वहीत सरळ लिहिलं, 'अनुराधाताईंनी मुद्दा मांडला.' कोंडाबाई काही वही वाचायला जाणार नव्हती.

पुढच्या वर्षी औरंगाबादच्या परिसंवादात मी निबंध वाचला. त्यात खाट होती, चुलीकडं धाडणं होतं, कोंडाबाई नव्हती. टाळ्या झाल्या, निबंध छापून आला. परत आल्यावर मी गटात पेढे वाटले. कोंडाबाईने दोन घेतले. "तुम्ही लई मस्त बोलले म्हनं तिथं," म्हणाली, आणि मनापासून हसली. तिला माझा हेवा वाटत नव्हता. मला याचाही हेवा वाटला.

तोवर घरोघरी केबल आलं होतं. बायका दुपारी घरीच बघत होत्या, लेडीज दरवाजा ओस पडला. शहाण्णवमध्ये मालकाने थिएटर पाडून तिथं शोरूमची इमारत उभी करायचं ठरवलं. कोंडाबाईची नोकरी गेली. नेमका त्याच वेळी मंडळाने वाचनालयात महिला विभाग उघडला आणि तो सांभाळायला एक बाई हवी होती. कोंडाबाईने अर्ज दिला. अट पदवीची होती. चिटणीस एकनाथराव कडक माणूस, पण न्यायाने वागणारा. मला आणि तिला बोलावून म्हणाले, "गटात यांनी दोन वर्षं काय काम केलं ते वहीत दिसलं, तर समितीपुढं मी अट सोडायला लावतो. आणा वही."

मी वही आणली.

एकनाथरावांनी पानामागून पान उलटलं. "हजेरीत नाव आहे. पण बोलल्याचं कुठंच नाही?"

"न्हाई कसं, साहेब," कोंडाबाई म्हणाली. तिने वही ओढून घेतली आणि ओळीवर बोट ठेवून वाचायला लागली. एक पान, दोन पानं. खाटेच्या पानावर बोट थांबलं. मग चुलीच्या पानावर. तिथं माझं नाव होतं. तेही तिने बोट ठेवूनच वाचलं, सावकाश, एकेक अक्षर.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हणाले, "एकनाथराव, हे मुद्दे माझे नाहीत. यांचे आहेत. निबंधातलेसुद्धा. मी नाव गाळलं."

एकनाथराव हसले. "ताई, हा तुमचा मोठेपणा. गरीब बाईला नोकरी मिळावी म्हणून स्वतःची विद्या तिच्या नावावर करताय. पण समितीला लेखी लागतं."

"अहो, खरंच सांगतेय!"

"पुरे, पुरे. असं मन हवं माणसाचं," म्हणाले, आणि अर्ज बाजूला ठेवला. चोरी कबूल केली तर त्याचंही कौतुक माझ्याच पदरात पडलं.

मी कोंडाबाईकडे पाहिलं. ती रडेल, शिव्या देईल, काहीतरी करेल असं वाटलं. तिने वही माझ्यापुढे सरकवली.

"मॅडम, आता तरी माझं नाव लिवा. आजच्या तारखेला."

"काय लिहू?"

"लिवा, कोंडाबाई उठून गेल्या."

तिने पिशवी उचलली आणि दार लोटून बाहेर पडली. मी तारीख घातली आणि तिने सांगितलं ते वाक्य लिहिलं. त्यात एक शब्द वाढवावा किंवा बदलावा असं मला सुचलं नाही. पुन्हा ती गटात आली नाही, आणि त्या वहीत तिच्या नावावर तेवढं एकच वाक्य आहे.