गोल काडीची पारख

डोळा काढण्याआधी दौलतकाका काडी खालच्या ओठावरून फिरवायचे. आमच्या वलगावच्या नर्सरीत संत्र्याची कलमं करायला ते माझ्या वडिलांच्या काळापासून येत. जंबेरी लिंबाच्या रोपावर चांगल्या संत्र्याचा डोळा, म्हणजे काडीवरचा कोंब, बसवायचा, एवढंच काम. कापलेली काडी डोळे मिटून ओठावरून एकदा फिरवायची; गोल लागली तर तिच्यावरचे डोळे काढायचे, कंगोऱ्यांच्या धारा लागल्या तर मागे भिरकावायची. धारांची काडी म्हणजे पाणसोट, झाडाच्या बुंध्यातून सरळ वर धावणारा माजोरी फुटवा. त्याचा डोळा भरला की झाड जोमाने वाढतं, बोटभर काटे धरतं आणि फळाच्या नावाने बोंब.

"सैपाकातली चूक संध्याकायी समजते माय," ते म्हणायचे, "कलमातली पाच वर्सानं. तवरोक लोकाची बाग गेली."

तोंडाने फटकळ. माझे वडील मालक, पण त्यांनाही सोडत नसत. "मालक, तुमी कागदं पाहा, काड्या मी पाहतो." कॉलेज संपवून मी पहिल्यांदा चाकू हातात घेतला, त्या दिवशी सकाळभर खपून भरलेली माझी सगळी कलमं त्यांनी संध्याकाळी सोडून टाकली. "बीए झाली म्हनून डोया बसते काय?" मी रडले. दुसऱ्या दिवशी माझ्या शेजारी बसून त्यांनी एकेक डोळा माझ्याकडून पुन्हा बसवून घेतला, आणि दुपारी आपल्या डब्यातली अर्धी भाकर माझ्यापुढे सरकवली.

वडील गेल्यावर नर्सरी माझ्याकडे आली. तेरवी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी काका वाफ्याच्या कडेला बसले होते. मला जवळ बोलावून म्हणाले, "आता मालकीन तू. एक काम कर. माह्या हातून चूक व्हाले लागली की मले सांगजो. बापावानी भीड नको धरू. लोकाची पाच वर्सं जातात."

मी हो म्हटलं. किती सहज म्हटलं.

सत्तरी ओलांडली आणि आधी नावं गेली. मला ते माझ्या आत्याच्या नावाने हाक मारू लागले. आम्ही हसलो, तेही हसले. मग जेवण झाल्यावर डबा शोधू लागले. त्यांचा मुलगा अकोल्याला नोकरीला. तो त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेला, सोबत मीही गेले. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो दाखवला. वयाबरोबर मेंदू थोडा आकसतोच, म्हणाले, यांचा जास्त आकसलाय. हाताला बसलेली कामं बरेच दिवस टिकतील. पारख आणि निर्णय आधी ढासळतील. मुलाने विचारलं, काम थांबवायचं का? डॉक्टर काही बोलायच्या आत मीच म्हटलं, "येऊ द्या, त्यांचा जीव रमतो."

आणि हात खरंच टिकले होते. साल चिरायची, डोळा आत सरकवायचा, पट्टी आवळायची. नव्या बाया काम थांबवून बघत राहायच्या. मीही त्या हातांकडे बघून निर्धास्त व्हायचे. डॉक्टरांचं अर्धंच वाक्य मी घरी आणलं होतं.

त्या हिवाळ्यात ते काडी ओठावर फिरवेनासे झाले. मला वाटलं, इतक्या वर्षांनी आता गरज उरली नसेल. पण एका दुपारी त्यांच्या पुढ्यातल्या जुडीत मला धारांच्या काड्या दिसल्या. एक नाही, चार-पाच. तेव्हाच सांगायला हवं होतं. ते चहाआधी हात धुवायला गेले आणि मी त्या काड्या काढून पाल्याखाली दडवल्या. दुसऱ्या दिवशीही तेच केलं. हा माणूस घरी बसला तर आठ दिवसांत खचेल, ही भीती खरी होती. पण लोक आमच्याकडे दौलतकाकांच्या हातचीच कलमं मागत, हेही तितकंच खरं होतं. आता हे लपवून काय करू?

जी काडी माझ्या नजरेतून सुटली, ती लोकांच्या बागेत गेली.

पाचव्या वर्षी पातूरच्या एका बागवानाचा फोन आला. मी गेले. हिरवीगार, पुरुषभर उंच, काट्यांनी भरलेली झाडं. ओळीच्या ओळी वांझ. "खत-पानी काही कमी नाई केलं ताई," तो म्हणाला. आवाजात रागसुद्धा नव्हता. चूक आमची आहे, हे मी त्याला सांगितलं आणि नवी कलमं कबूल केली. पाच वर्षं कुठून देणार होते?

परतताना अकोल्याला थांबले. काका तीन वर्षांपासून मुलाकडे होते. गॅलरीतल्या खुर्चीत बसले होते, अंगातला सदरा दुसऱ्याचा वाटावा इतके वाळलेले. ही आमची शेवटची भेट. महिनाभरात ते गेले.

"कोनाची होय माय तू?"

"वलगावची. नर्सरीवाली."

ओळख पटली नाही. तरी मी सगळं सांगितलं. पाणसोटाच्या काड्या, पातूरची बाग, वांझ झाडं. ते मान हलवत ऐकत होते, जुन्या जाणकाराने ऐकावं तसं.

"कोन्या बुढ्याचं सांगून राहिली?"

"होते आमच्याकडे एक. फार मोठे कारागीर."

त्यांचा अंगठा खालच्या ओठावरून फिरत होता.

"त्या बुढ्याची चूक नाई," ते म्हणाले. "तेले काय समजते? पन सांगाले सोबत कोनी नव्हतं काय तेच्या?"

"मी होते, काका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मंग?"