न घडलेल्या अपघाताची प्रेसनोट

मी जनसंपर्क या विषयात पदवी घेतली, म्हणजे नेमकं काय केलं, हे आमच्या घरात अजून कुणाला धड सांगता येत नाही. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. कुणी विचारलं की म्हणायचे, "पत्रकारितेचं करतेय, त्यातलंच काहीतरी." आईला वाटायचं, आमदाराच्या संपर्क कार्यालयात बसून मला लोकांचे अर्ज घ्यावे लागणार. नगरच्या आमच्या कॉलेजात हा विभाग नवाच होता. वर्गात आम्ही तेरा जण आणि शिकवायला पूर्णवेळ एकच सर.

सर त्याआधी वीसेक वर्षं एका साखर कारखान्यात प्रसिद्धी अधिकारी होते. पुस्तकातलं थोडं आणि स्वतःच्या नोकरीतलं जास्त असं ते शिकवायचे. बातमी आणि जाहिरात यांतला फरक, प्रेसनोटची पहिली ओळ, पत्रकार चिडला असेल तर त्याच्याशी कसं बोलायचं, हे सगळं त्यांच्याकडून शिकलो. जिल्ह्याचं नाव नुकतंच बदललं होतं. आमच्या निम्म्या सरावपत्रकांवर ठिकाण म्हणून अहमदनगर लिहिलेलं असायचं. सर लाल पेनाने ते खोडून अहिल्यानगर करायचे आणि बोलताना स्वतः नगरच म्हणायचे.

दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात आम्हाला 'संकटकाळातील संवाद' हा पेपर होता. सरांनी एक प्रसंग दिला. गोदावरीकाठी, कोपरगावच्या बाजूला एक काल्पनिक कारखाना आहे. त्याची ऊस वाहणारी ट्रॉली कालव्यात उलटून चार ऊसतोड मजूर दगावले आहेत. तुम्ही कारखान्याचे जनसंपर्क अधिकारी. तासाभरात पहिली प्रेसनोट काढा.

मी मन लावून लिहिलं. खरं वाटावं म्हणून तपशील भरले. मृतांपैकी एकाचं नाव सुचेल ते घातलं, वय अठ्ठावीस लिहिलं, पुढे 'जागीच मृत्यू' असं लिहिलं. गाव जामखेड तालुक्यातलं निवडलं, कारण मावशीकडे जाताना फाट्यावर त्या गावाची पाटी दिसायची. मृतदेह लवकर ओळखता यावेत म्हणून खुणाही दिल्या. या माणसाच्या नावापुढे मी लिहिलं, 'डाव्या हाताची करंगळी व तिच्या शेजारचे बोट नाही.' शेवटी 'अधिक माहितीसाठी संपर्क' असं लिहून माझाच मोबाईल नंबर टाकला. तिथे चालू नंबरच असला पाहिजे, असा सरांचा आग्रह असायचा.

सरांनी माझी प्रेसनोट वर्गात वाचून दाखवली. वाचताना मध्येच थांबले आणि पाणी प्यायले. मग म्हणाले, "लिहिलंय उत्तम. तरी मी निम्मे गुण कापतोय. घरच्यांना कळवल्याशिवाय मेलेल्या माणसाचं नाव छापायला द्यायचं नाही. हे कायम लक्षात ठेव."

वर्गातल्या एका मुलीने त्या कागदाचा फोटो काढून तिच्या बहिणीला पाठवला. त्यात वाईट हेतू काहीच नव्हता, तिला माझं लिखाण आवडलं होतं. पण वरची 'सरावासाठी' ही ओळ फोटोत आली नव्हती. तो फोटो पुढे किती मोबाईलवर फिरला, ते आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं.

आठवड्याभराने मला फोन येऊ लागले. दुपारी जेवायच्या सुमाराला, रोज एकाच नंबरवरून. उचलला की पलीकडे कुणी बोलायचं नाही. वारा ऐकू यायचा, शेळीच्या गळ्यातली घंटा ऐकू यायची आणि अगदी जवळून कुणाचा तरी श्वास. मी दोन-तीनदा हॅलो म्हणायचे, की फोन बंद. असं तीन दिवस चाललं. मला राग यायला हवा होता. पण तिसऱ्या दिवशी मी स्वतःच फोन कानाला लावून गप्प उभी राहिले. पलीकडचं माणूस बोलायचं ठरवतंय आणि त्याला धीर होत नाही, असं वाटत होतं.

चौथ्या दिवशी फोन सकाळी दहालाच आला आणि बाईचा आवाज ऐकू आला.

"तुमी कारखान्यातल्या का?"

मी नाही म्हटलं. तिला ते ऐकू गेलं नसावं. ती म्हणाली, "मालकांची बॉडी कवा देनार?"

मला आधी काही कळलंच नाही. मग तिने नवऱ्याचं नाव घेतलं, गावाचं नाव घेतलं, आणि माझ्या लक्षात आलं, तो माझ्याच कागदावरचा माणूस होता. ताई, ते खरं नाही, मी कॉलेजात शिकते, तो आमचा अभ्यास होता, असं मी भराभर सांगत सुटले. अभ्यास म्हणजे काय, असं तिने विचारलं. न झालेल्या अपघाताच्या बातम्या लिहायला आम्हाला शिकवतात, हे सांगताना माझं मलाच ते विचित्र वाटलं.

ती शांतपणे म्हणाली, "बोटांचं तुमाला कुनी सांगितलं?"

"कुणी नाही. मी मनानं लिहिलं."

"मनानं कसं लिवलं? तेंची दोन बोटं न्हाईत. तीच."

मी फोन ठेवला आणि तशीच सरांच्या खोलीत गेले. सर रागावले नाहीत. त्यांनी त्या नंबरवर फोन लावला, तो लागला नाही. माझ्या घरी मात्र त्यांनी स्वतः कळवलं की हिला घेऊन मी जामखेडकडे जातोय, संध्याकाळी परत येऊ. आम्ही पुढच्याच गाडीत बसलो. आष्टी मागे पडेपर्यंत सर फोनवर ओळखीच्या कारखान्यांत चौकशी करत होते. आमचा कारखाना काल्पनिक असला, तरी त्या बाजूला खरे कारखाने होते आणि तो माणूस खरोखरच तिकडे तोडीला गेलेला असू शकत होता.

फाट्यावर उतरून आम्ही चालत गावात गेलो. दुपारचे दोन वाजले असतील. ऊसतोडीचे दिवस असल्याने गाव रिकामं होतं, हे मला ऐकून माहीत होतं, पण तसं गाव मी कधी पाहिलं नव्हतं. ओळीने घरं आणि सगळ्यांना कुलपं. काही दारांना नुसत्या काटेरी फांद्या लावलेल्या. अंगणांत तुळशी होत्या, पण वाळलेल्या. आमच्या चपलांचा आवाज समोरच्या भिंतीवरून परत यायचा, तेव्हा कुणीतरी मागून येतंय असं वाटून मी दोनदा वळून पाहिलं. एका ओसरीवर म्हातारी बसली होती. आम्ही काही विचारायच्या आत तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि हाताने घर दाखवलं.

त्या घराच्या दारात लाकडं रचून ठेवली होती. चांगली लांब, वाळलेली, एकसारखी कापलेली. ती चुलीसाठी नव्हती, हे मला सरांचा चेहरा बघून कळलं.

आत ती बाई होती. माझ्याच वयाची असेल. मांडीवर दीड-दोन महिन्यांची मुलगी, म्हणूनच त्या साली ती नवऱ्याबरोबर गेली नव्हती. शेजारी सासू-सासरे बसले होते. चार दिवस घरात चूल नीट पेटलेली नव्हती. सासूने सुनेला बांगड्या काढायला सांगितलं होतं. सून म्हणाली होती, बॉडी बघितल्याबिगर न्हाई. तिच्या हातात बांगड्या होत्या, कपाळावर कुंकू होतं, आणि घरातलं कुणी तिच्याकडे सरळ बघत नव्हतं.

सरांनी खाली बसून हात जोडले. चूक आमची आहे, असा अपघात झालेला नाही, हे त्यांनी सावकाश, दोनदा सांगितलं. सासरे म्हणाले, मग त्याचा फोन नऊ दिवस का लागत नाही? मुकादमाचा का लागत नाही? सरांनी खिशातून मोबाईल काढून पाहिला, रेंज नव्हती.

ती बाई माझ्याकडे बघत होती. मुलीला दुसऱ्या मांडीवर घेत तिने विचारलं, "ताई, तुमी 'जागीच' लिवलंय. मंजी तेंना तरास झाला नसंल ना?"

मी खोटं लिहिलंय, हे तिला समजलं नव्हतं असं नाही. पण लिहिणारीला काहीतरी दिसलं असणार, असं तिने मनाशी धरलं होतं. ती मला रागाने विचारत नव्हती. पाहून आलेल्या माणसाला विचारावं तसं विचारत होती. मला रडू आलं नाही. उलट एक क्षण मी खरंच आठवायला लागले, की मी काय पाहिलं होतं. त्या क्षणाची मला आजही भीती वाटते.

गावात मोबाईलला रेंज फक्त देवळाच्या ओट्यावर यायची. मला रोज फोन यायचा तो तिथूनच. सर तिथे जाऊन एकेक नंबर लावत बसले. तासाभराने एका कारखान्याच्या शेतकी विभागात त्यांना ओळखीचा माणूस सापडला. त्या टोळीचा फड, म्हणजे तोडीचं शेत, बदलला होता, मुकादमाचा मोबाईल कालव्यात पडला होता आणि त्या माणसाचा त्याआधीच बिघडला होता. त्यांच्यासाठी गोष्ट एवढीच होती. ओळखीचा माणूस मोटारसायकलवर फडात गेला आणि तिथून त्याने व्हिडिओ कॉल लावला. तोवर सगळं घर ओट्यावर आलं होतं.

पडद्यावर उसाची पाचट दिसली, मग एक काळासावळा, गोंधळलेला चेहरा. सासरे हंबरडा फोडून रडायला लागले. बाई मात्र रडली नाही. तिने मोबाईल दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाली, "हात दावा."

"काय झालंय गं? पोरगी बरी हाय ना?"

"आदी डावा हात दावा."

त्याने हात वर केला. करंगळी नव्हती. तिच्या शेजारचं बोट नव्हतं. हात जरा हलत होता, आणि उरलेल्या बोटांमधून मागचं आभाळ दिसत होतं. मी लिहिताना जसा डोळ्यांपुढे आणला होता, तसाच तो हात होता. मनगटाजवळचा काळा दोराही तसाच. दोऱ्याचं मी कागदावर लिहिलं नव्हतं.

बाईने मग मोबाईल सासूकडे दिला आणि मुलीला घेऊन घराकडे निघून गेली. आम्ही निघालो तेव्हा सासरे दारातली लाकडं उचलून गोठ्यात नेत होते.

परतीच्या गाडीत सर म्हणाले, "ते नाव गावोगावी सापडेल. वय तू अंदाजाने लिहिलंस. उसाच्या कामात माणसांची बोटं जातात." ते मला समजावत होते की स्वतःला, कळत नव्हतं. थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "पण नेमकी तीच दोन बोटं, हे कुठून घेतलंस?"

"माहीत नाही, सर."

नगर येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत बसले. दोऱ्याचं मी त्यांना कधीच सांगितलं नाही.

चैत्रात, टोळ्या गावी परतल्यावर, तो माणूस कॉलेजात आला. धुतलेला शर्ट, हातात पिशवी. मी घाबरले होते, पण तो भांडायला आला नव्हता. खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं, असं गावातल्या म्हाताऱ्यांनी त्याला सांगितलं होतं. तरी लोक नीट वागत नव्हते. तो आला की बोलणं थांबायचं. आई त्याला आधी उंबऱ्याबाहेर उभं करून त्याच्या डोळ्यांना पाण्याचा हात लावायची, मगच आत घ्यायची. बायको दिवसातून एकदा तरी त्याचा डावा हात हातात घ्यायची, बघायची आणि सोडून द्यायची.

"ताई, आता मी जित्ता हाय असं लिवून द्या," तो म्हणाला. "तसंच. ठसठशीत. तवा जसं लिवलं हुतं तसं."

मी सरांकडे पाहिलं. खुलासा करताना मूळ अफवा पुन्हा सांगायची नसते, असं ते आम्हाला शिकवायचे. ते म्हणाले, "लिही."

मी लिहिलं. पदवीच्या तीन वर्षांत माझ्या हातून याहून अवघड मजकूर लिहिला गेला नाही. अमुक गावचा अमुक इसम सुखरूप आहे, कामाच्या ठिकाणाहून परतला आहे, कुटुंबासह राहतो आहे. यात बातमी काय, असं दर ओळीला वाटत होतं. त्याने बोटांचंही घालायला लावलं. ती कशी गेली, हे मी विचारलं. लहानपणी कडबाकुट्टीच्या यंत्रात, असं त्याने एका वाक्यात सांगितलं. मग त्याने मला विचारलं, की मला ती कशी ठाऊक. मी म्हटलं, दादा, खरंच सांगता येत नाही. त्याने मान हलवली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्याला काहीतरी सांगायचं टाळतेय. सरांनी कागदावर विभागाचा शिक्का मारला. त्याने त्याची घडी घातली आणि ती पिशवीत न ठेवता खिशात ठेवली.

पुढे मी पदवी पूर्ण केली. सध्या नगरमधल्याच एका हॉस्पिटलच्या जनसंपर्क विभागात काम करते. शिबिरांच्या बातम्या, डॉक्टरांची भाषणं, पाहुण्यांची नावं, असं ते काम आहे.

गेल्या दिवाळीनंतर दुपारी मोबाईल वाजला. नंबर ओळखीचा नव्हता, पण वारा ऐकू आला आणि मी ओळखलं. तिने खुशाली विचारली. मुलगी आता पळायला लागली, म्हणाली. उद्या मुकादमाची गाडी येणार आहे, या साली तीही नवऱ्याबरोबर तोडीला चालली आहे, मुलीलाही नेणार आहे.

मग तिने विचारलं, "ताई, औंदा तुमी काई लिवलं न्हाई ना?"

नाही, म्हटलं, काही लिहिलं नाही.

"एकदा बघून सांगा."

मी टेबलावरची वही ओढली आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळी चाळली. तेवढा वेळ ती फोनवर थांबून होती.