रिकाम्या डब्या

बीजगणित म्हटलं की सातवीतल्या पोरांच्या पोटात गोळा येतो, आणि त्यात पोरांची काही चूक नाही. सहा वर्षं आकडे बिचारे निमूट वागलेले असतात, आणि एके दिवशी फळ्यावर तो 'क्ष' येऊन बसतो; ना ओळख ना पाळख. म्हणून डबीबाई पहिल्या तासाला खडूला हातच लावत नसत.

डबीबाई हे नाव पोरांनीच ठेवलेलं, आणि बाईंनी ते एकतीस वर्षं मिरवलं. टेबलावर एक तराजू, काचेच्या गोट्या आणि मलमाच्या पत्र्याच्या डब्या. वर्गातलं कोणीतरी दोन डब्यांत सारख्या गोट्या भरून झाकणं लावायचं, तोवर बाई भिंतीकडे तोंड करून उभ्या.

"मलाही माहीत नको. नाहीतर तुम्ही गणित सोडून माझं तोंड वाचत बसाल."

मग एका पारड्यात त्या दोन डब्या आणि तीन सुट्या गोट्या. दुसऱ्यात काटा सरळ होईपर्यंत गोट्या टाकायच्या. अकरा झाल्या. दोन्हीकडून तीन-तीन काढा. उरल्या आठ, डब्या दोन, म्हणजे एकीत चार. झाकण उघडायचं, आत चारच! वर्ग डोक्यावर घेतला जायचा.

"हाच तो क्ष. झाकण लावलं होतं, एवढंच."

यात एक गोष्ट बाई बोलत नसत. गोट्या टाकण्याआधी त्या दुसऱ्या पारड्यात गुपचूप दोन रिकाम्या डब्या ठेवत. पत्र्यालाही वजन असतं ना! पण हे त्यांनी तासाच्या टिपणांच्या वहीतसुद्धा लिहिलं नव्हतं. कोणीतरी आपणहून विचारावं म्हणून त्या वाट बघत. एकतीस वर्षांत दोघांनी विचारलं, आणि दोन्ही वेळा बाईंनी खडू त्या पोराच्या हातात देऊन उरलेला तास त्यालाच घ्यायला लावला.

शाळेतल्या गणिताच्या धाकट्या बाईंनी मात्र कधी विचारलं नाही. गणितात नापास झालेली ही मुलगी याच वर्गात या डब्यांवर शिकली आणि पुढे याच शाळेत गणित शिकवायला आली. बाईंच्या मागेमागे इतकी असायची, की शिक्षकांच्या खोलीत तिला 'शेपूट' म्हणत. बाईंना त्याचं कौतुकच होतं. पोटची पोर नव्हती, ती जागा हिने भरली होती.

उन्हाळ्यात बाई निवृत्त होणार होत्या. मनात एकच होतं: सगळ्या शाळांच्या गणित-शिक्षकांच्या शिबिरात एकदा हा तास करून दाखवायचा. म्हणजे आपण गेलो तरी डब्या राहतील.

"बाई, तुम्ही कुठे त्या कॉम्प्युटरशी झटापट करता? द्या वही, मी भरते तुमचा अर्ज," शेपूट म्हणालं. बाईंनी वही दिली, वर फोटोही दिला.

शिबिराच्या दिवशी तराजू आणि बाकीचं सामान शेपूट आधीच घेऊन गेलं. पर्समध्ये दोन रिकाम्या डब्या टाकून बाई इस्त्रीची साडी नेसून गेल्या. दारावरच्या पत्रकात तास घेणार म्हणून नाव होतं शेपटाचं. बाईंचं नाव हजेरीच्या यादीत, सत्तेचाळिसावं.

"नंतर बोलते हं बाई," म्हणून ती व्यासपीठाकडे सटकली.

बाई शेवटच्या रांगेत बसल्या. तीच वाक्यं, तोच भिंतीकडे तोंड करण्याचा प्रकार. मग दोन डब्या, तीन गोट्या, आणि दुसऱ्या पारड्यात नुसत्याच गोट्या. काटा सरळ झाला पंधरावर. सभागृहाने हिशेब केला: एका डबीत सहा. झाकण उघडलं, आत चार.

कोणीतरी खुदकन हसलं. अध्यक्ष म्हणाले, "खेळ बरा आहे, पण बीजगणित आपलं फळ्यावरच बरं." साठेक शिक्षकांनी माना डोलावल्या.

करावं तसं भरावं, असं म्हणून बाईंना बसून राहता आलं असतं. पण बुडत होत्या त्या डब्या. बाई उठल्या, पुढे गेल्या, गोट्यांच्या पारड्यात दोन्ही रिकाम्या डब्या ठेवल्या. पारडं खाली गेलं. एकेक करून चार गोट्या काढल्या. काटा सरळ. अकरा.

टाळ्या पडल्या. शेपटाने माईक ओढला. "हीच माझी पुढची पायरी होती! त्यासाठीच आमच्या बाईंना मी डब्या घेऊन मागे बसवलं होतं." टाळ्या दुप्पट झाल्या.

जिन्यात बाईंनी तिला गाठलं. "का गं असं केलंस?"

"बाई, तुम्ही तर निवृत्तच होताय. तुम्हाला काय उपयोग होता त्याचा?" ती अगदी साधेपणाने म्हणाली.

पाठीत वार झाला असता तर बाईंनी निदान आरडाओरडा केला असता. हा केसाने गळा कापला होता. बाई कठडा धरून उतरल्या. घरी जाऊन साडीही न बदलता खूप रडल्या.

सोमवारी सातवीचा तास. तराजू मांडला, डब्या ठेवल्या. शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठली. वर्षभर तिने तोंड उघडलं नव्हतं.

"बाई, त्या पारड्यात रिकाम्या डब्या कशाला ठेवल्या?"

बाईंनी खडू उचलला. मुलीकडे बघितलं. कुतूहलाने ताणलेला असाच शेपटाचा चेहरा त्यांनी कितीतरी वर्षांपूर्वी याच वर्गात बघितला होता, असं त्यांना वाटलं. खडू त्यांनी मुठीत घट्ट धरला.

"काही नाही. बस खाली."

मुलगी बसली.