दत्तोबांच्या भट्टीचं लिंपण

दत्तोबा कुंभार गेले, हा निरोप आला तेव्हा मी शाळेत फळ्यावर घागर काढत होतो. खरं सांगतो, वाईट वाटायच्या आधी मला सुटल्यासारखंच वाटलं. आता त्यांना कधीच कळणार नाही... आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली.

आमची दोस्ती वाडग्यांवरून जमली. मी चित्रकलेचा मास्तर, कागदावर डोंगर काढणारा. दत्तोबा तेच डोंगर वाडग्याच्या काठावर उठवायचे. जोतिबाच्या डोंगराची चढउतार बोटाखाली लागायची. आतल्या झिलईला आजऱ्याच्या भातखाचरांचा हिरवा रंग असायचा. ‘‘सरळ काठ कुणीबी करतंय की,’’ म्हणायचे.

आमच्या संस्थानचे महाराज गादीवर येऊन चार-पाच वर्षं झाली असतील. दरबारातून वाडग्यांची मागणी आली. दत्तोबांनी गगनबावड्याची तांबडी माती मिसळून चाळीस वाडगे घडवले, भट्टी लावली, तोंड विटांनी बंद करून वर चिखल लिंपला आणि आणखी माती आणायला गाडी जोडून घाटाकडे गेले. ‘‘मी आल्याबिगर उघडायची न्हाय,’’ एवढं बजावून. मला कुठला दम निघतोय! तिसऱ्या दिवशी, घरात कुणी नाही असं पाहून, मी दोन विटा काढल्या. गार वारा आत शिरला आणि आतून टिण्... टिण्... असा आवाज यायला लागला. घाईघाईनं विटा बसवल्या, चिखल लिंपला आणि घर गाठलं.

दत्तोबांनी परतल्यावर भट्टी उघडली. एकूण एक वाडगा तडकलेला. एकेक वाडगा त्यांनी उचलून पाहिला. मग म्हणाले, ‘‘मातीनं दगा दिला, मास्तर.’’ दरबारचं काम दुसऱ्याकडे गेलं. मी तोंड उघडलं नाही. अकरा वर्षं रोज संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर अवघडून बसलो, चहा प्यायलो आणि गप्प राहिलो. दगा देणारी ती माती दत्तोबा पुढंही आणत राहिले, याचं नवल मला कधी वाटलं नाही, इतका मी स्वतःच्या भीतीत गुंतलेलो होतो.

तेराव्यानंतर मला राहवेना. त्यांच्या पत्नीपुढं, गोदावहिनींपुढं, सगळं ओकून टाकलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबलासुद्धा नाही.

‘‘त्यास्नी ठावं हुतं की. ते तळव्यानं लिंपायचे. त्या दिशी चिखलावर बोटं उठलेली. येवढी निमुळती बोटं कुंभारवाड्यात कुणाची हायती?’’

‘‘मग बोलले का नाहीत?’’

‘‘मी बी तेच इचारलं. म्हणले, वाडगं काय, परत घडवू. मास्तर लाजंनं यायचा बंद झाला, तर त्यो कुठनं आणू?’’

मला रडू आलं, आणि रडता रडता छातीवरची धोंड उतरल्यासारखं झालं. वहिनींनी चहा आणून ठेवला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्या ओसरीवर मी भिंतीला पाठ टेकून बसलो.