काच कोणी फोडली

गाडीच्या मागच्या दाराची काच बदलायची म्हणजे काय मोठं काम आहे? विमा भरलेला असतो, एजंटला फोन करायचा, गाडी गॅरेजला लावायची, कंपनीचा माणूस येऊन फोटो काढून जातो आणि नवी काच बसते. आमचीही बसली. आज चार काचांतली नवी कुठली, हे सांगितल्याशिवाय कोणी ओळखणार नाही. पण ती बसेपर्यंत घरात जे चाललं होतं, ते मी अजून विसरलेले नाही.

आमचं रान अवसरी बुद्रुकच्या शिवारात. राहायला आम्ही मंचरला, कारण माझी शाळा तिथे. रानाच्या तिन्ही बाजूंना ऊस आणि उसात बिबट्या. पुण्यामुंबईचे पाहुणे हे ऐकलं की डोळे मोठे करतात, मोबाइल काढून फोटो आहे का विचारतात. आम्हाला त्याचं काही कौतुक नाही. आमच्याकडे लहान पोराला बांधावर एकटं बसवत नाहीत, झाडाखाली झोळी बांधत नाहीत. गाडी असली तर पोर गाडीत ठेवायचं, काचा वर घ्यायच्या, लॉक करायचं आणि मग कामाला लागायचं. सगळेच तसं करतात. बिबट्यापासून पोर सुरक्षित राहिलं, एवढाच विचार. उन्हाचा विचार कोणी करत नाही, कारण उन्हाने कोणाचं पोर उसात ओढून नेल्याचं कोणी ऐकलेलं नसतं.

त्या रविवारी धाकटी वाटेतच झोपली होती. जेमतेम बोलायला लागलेली पोर. उसाच्या कडेला ताजे ठसे दिसल्याचं आदल्याच दिवशी ऐकलेलं, म्हणून नवऱ्याने गाडी आंब्याखाली लावून काचा वर घेतल्या, लॉक केली आणि चावी शर्टाच्या खिशात टाकली. त्या आठवड्यात आमच्याकडे शेतीपंपाची लाइट दिवसा होती. तो मोटार चालू करायला विहिरीवर गेला, मी कोथिंबिरीत शिरले.

मोटार घुमत होती, पाणी येत नव्हतं. काय झालं बघायला तो विहिरीत वाकला आणि खिशातली चावी गेली खाली. त्याची हाक ऐकून मी पळत गेले. मग आम्ही दोघं शहाणे कठड्यावर ओणवे होऊन, चावी दिसते का ते बघत भांडत बसलो. मी म्हणाले, "खिशाला बटण असतं ते कशासाठी?" तो म्हणाला, "लोहचुंबक दोरीला बांधून सोडू." दुसरी चावी मंचरला घरी होती. ती पाठवून द्यायला त्याने मंचरच्या शेजाऱ्यांना फोन केला. म्हणजे सगळं मार्गी लागलं, असं आम्हाला वाटलं. आमच्या बाजूलाच मोटार घुमत होती. तिच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

मान वर केली तर आमच्या गाडीपाशी माझे चुलत दीर उभे होते, दोन्ही हातांत मोठा दगड घेऊन.

हे कोण, ते सांगायला हवं. नवऱ्याचे सख्खे चुलत भाऊ, रानाला रान लागून. मधल्या बांधावरून घोडेगावच्या तहसीलात आमची केस चालू आहे. बांधाचे दगड त्यांनी आमच्या बाजूला सरकवले, असं आम्ही म्हणतो. आम्हीच त्यांच्या बाजूला सरकवले, असं ते म्हणतात. माझं लग्न झालं तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं नाही. लग्नाकार्याचं निमंत्रण नाही, मयतीला फक्त बाप्ये जातात आणि लांब उभे राहून येतात. काही परत करायचं असलं, समजा इकडचं करडू तिकडे गेलं, तर ते हातात देत नाहीत. आणून बांधावर सोडतात आणि मागे फिरतात.

असा माणूस माझी पोर आत असलेल्या गाडीवर दगड उगारून उभा. मी जी किंचाळले! काय काय बोलले ते इथे लिहिता यायचं नाही. शाळेतल्या बाईंच्या तोंडात असं काही असेल, हे कोणाला खरं वाटणार नाही. "मुडद्या, हात तर लाव गाडीला!" एवढंच त्यातलं छापण्यासारखं आहे. मी ढेकळांतून पळत होते, नवरा माझ्या पुढे पळत होता, आणि दीर आमच्याकडे न बघता गाडीला वळसा घालून पलीकडच्या बाजूला गेले. मग काच फुटल्याचा आवाज आला आणि गाडीचा भोंगा बोंबलायला लागला.

आम्ही पोचेपर्यंत त्यांनी आत हात घालून लॉक ओढलं होतं आणि पोरीला बाहेर काढलं होतं. तिचा चेहरा लालभडक झालेला, केस घामाने डोक्याला चिकटलेले. रडून रडून आवाज बसला होता, नुसतं तोंड उघडत होती. आंब्याची सावली कधीच सरकून गेली होती. त्यांनी तिला बांधापाशी नेलं, आमच्या बाजूला खाली ठेवलं आणि आपल्या कांद्याच्या रानात निघून गेले. मनगटातून रक्त गळत होतं. मी पोरीला उचलून पाण्याकडे पळाले. एक शब्द बोलले नाही त्यांच्याशी. वेळ नव्हता, हे खरं. नंतर वेळ होता, तेव्हाही बोलले नाही, हेही खरं.

डॉक्टरांनी दोन दिवस पोरीकडे लक्ष ठेवायला सांगितलं. ती तिसऱ्या दिवशी घरभर धिंगाणा घालायला लागली आणि मग आमचं लक्ष काचेकडे गेलं. खिडकीला प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला, रस्त्याने फडफडत जायची गाडी. नवऱ्याने एजंटला फोन केला. एजंट नात्यातलाच.

"दगड घालून फोडली म्हनता? मंग पोलिसात तक्रार लागंल," तो म्हणाला. "कुनी फोडली म्हाईत आसंल तर नाव टाका, काम लवकर व्हईल. न्हाईतर सांगा, ट्रॅक्टरच्या चाकाखालून खडा उडाला. तुमीच फोडून घेतली म्हनाल तर कंपनी नाट लावायची."

फोन स्पीकरवर होता आणि समोर थोरले दीर बसलेले. नवऱ्याचे थोरले भाऊ, आम्ही त्यांना आबा म्हणतो. केस तेच चालवतात. घोडेगावची एकही तारीख त्यांनी चुकवलेली नाही. त्यांचे डोळे असे चमकले की मला भीतीच वाटली.

"नाव म्हाईत न्हाई कसं?" आबा म्हणाले. "दोगांच्या डोळ्यांदेखत फोडलीय. आन दगड कुटला व्हता? बांधावरचाच ना? म्हंजे बांधाचा दगड हालवला. त्ये बी तक्रारीत घालू. तहसीलदाराम्होरं ठेवायला ह्याच्यापरीस काय पायजे?"

"आबा, पोरीचा जीव वाचवला त्यांनी," मी म्हणाले.

"त्ये तू म्हनती. कागदावर काय दिसतंय? दुसऱ्याच्या गाडीवर दगड."

नवरा म्हणाला, "बघू." भावासमोर त्याच्या तोंडून यापलीकडे शब्द निघत नाही. घराला आग लागली तरी तो आधी बघू म्हणेल, याची मला खात्री आहे. रात्री मी त्याला फैलावर घेतलं, तेव्हा म्हणाला, "क्लेमच नको. आपन आपल्या पैशानं काच टाकू, म्हंजे विषयच मिटला." सकाळी त्याने आबांना हे सांगितलंही. आबा म्हणाले, "क्लेम नको तर नको. तक्रार द्यायचीच."

आता अडचण एकच होती. गाडी माझ्या नावावर, माझ्या पगाराच्या हप्त्यांवर घेतलेली. तक्रारीवर माझी सही लागणार. आबांनी तक्रार टाइप करून आणली आणि ती खिशात घालून ते रोज आमच्याकडे यायला लागले. आरडाओरडा नाही, काही नाही. चहा घ्यायचे, पोरीला मांडीवर घ्यायचे आणि जाताना विचारायचे, "मंग सहीचं काय ठरलं?" सासूबाई मला स्वयंपाकघरात हळूच म्हणायच्या, "कर बाई सही, घरात तोंडं फिरायला नको." जमीन त्यांची, केस त्यांची, मी मागून आलेली. सहीला नाही म्हणून मी घर फोडतेय, असं माझ्या कानावर येईल असं बोललं जाऊ लागलं. आणि हो म्हटलं तर माझ्या लेकीला गाडीतून काढणारा माणूस माझ्या सहीने पोलीस चौकीत बसणार. एकदा तर मी खरंच पेन हातात घेतलं होतं. मग आतून पोरीने हाक मारली आणि मी उठून गेले.

शेवटी मीच क्लेमचा अर्ज टाकला. निदान कोणीतरी परका माणूस मध्ये येईल, असं मला वाटलं. विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडी बघायला यायच्या दिवशी मंचरला हायवेच्या गॅरेजमध्ये आम्ही तिघंही गेलो. आबांच्या खिशातून कागदाची कड दिसत होती.

सर्व्हेअर उन्हाने कावलेला, घाईतला माणूस. त्याने चारी बाजूंनी फोटो काढले, सीटवरचे काचेचे खडे बघितले आणि सहज विचारलं, "काच कोणी फोडली?"

आबांनी घसा खाकरला. मला कळलं, आत्ता बोलले नाही तर पुढे बोलायला काही उरणार नाही.

"माझ्या चुलत दिरांनी," मी म्हणाले. "मुलगी आत अडकली होती, चावी विहिरीत पडलेली. गुदमरत होती ती. आम्हाला ऐकू आलं नाही, त्यांना आलं. मुलगी या बाजूला होती, म्हणून त्यांनी त्या बाजूची काच फोडली."

बोलता बोलताच हे शेवटचं माझ्या लक्षात आलं. वळसा घालून ते पलीकडे का गेले, याचा तोवर मी विचारच केला नव्हता.

"खोटं बोलती ही," आबा म्हणाले. "दुश्मनी हाय आमची. मुद्दाम फोडली."

सर्व्हेअरने माझ्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. "तुम्ही होतात का तिथे?"

नवरा किती तरी वेळ प्लॅस्टिकच्या कागदाकडे बघत राहिला. आता हा बघू म्हणाला तर मी इथेच याला सोडून चालायला लागणार, असं मी मनात ठरवून टाकलं.

"व्हतो," तो म्हणाला. "ही म्हनती तसंच झालं."

"मग ज्यांनी फोडली त्यांचा दोन ओळींचा जबाब आणा, सहीनिशी," सर्व्हेअर म्हणाला. "बाकी कंपनी काय म्हणते ते बघू." त्याने बॅग उचलली आणि गेला. आबा आमच्याशी न बोलता मोटरसायकलला किक मारून निघून गेले. ते अजून आमच्याकडे चहाला येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोऱ्या कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि एकटी अवसरीला गेले. नवरा येतो म्हणाला होता, मीच नको म्हटलं. शिव्या मी दिल्या होत्या, त्याने नाही. बांध ओलांडून त्यांच्या वस्तीवर पाय ठेवला. हाकलून दिलं तर मुकाट्याने परत फिरायचं, असं ठरवूनच आले होते.

दीर ओट्यावर बसलेले. मनगटाला फडकं बांधलेलं. अंगात पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा सदरा, पायांत चपला. कुठे लग्नाला निघालेत की काय, असं वाटावं असे. मला बघून ते उठून उभे राहिले.

"भाऊजी," मी म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांना मारलेली ही पहिली हाक. पाठ करून आलेलं सगळं विसरून गेले. "एक सही हवी होती. काचेची."

"द्या."

त्यांनी कागद मांडीवर घेतला, कशाचा आहे ते विचारलं नाही, वाचलाही नाही. कुठे करायची तेवढं बोटाने दाखवायला लावलं आणि सही केली. मग घराकडे वळून म्हणाले, "निगालो गं. कांद्याच्या मानी पडल्यात, काढनीला आलाय, बायका बोलवून काढून घे." आणि मला म्हणाले, "चला वैनी. मंचरला न्येत्यात का घोडेगावला?"

मला क्षणभर काही कळलंच नाही. जाऊबाई दारात आल्या. त्यांच्या हातात एक पिशवी होती. वर टॉवेलची घडी आणि बीपीच्या गोळ्यांची पट्टी दिसत होती. त्या माझ्याकडे न बघता बोलल्या.

"ह्ये काच फोडून आलं, तवाच म्हनलं, आता पोलीस येनार. तवापासनं रोज सकाळी कापडं करून बसत्यात. रानात पाऊल न्हाई टाकलं. म्हनत्यात, मळक्या कापडावर धरून न्यायला नको."

म्हणजे दगड उचलतानाच त्यांना ठाऊक होतं आम्ही काय करू ते. आमच्याविषयी त्यांचा जो अंदाज होता, तो किती थोडक्यात चुकला, हे मला एकटीला माहीत होतं. लाजेने मला वर बघवेना.

"कुठे जायचं नाही भाऊजी," मी म्हणाले आणि कागद वाचून दाखवायला लागले. पहिल्याच ओळीत रडू फुटलं. तेव्हा त्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि ओठ हलवत स्वतः वाचला, दोनदा. मग घडी घालून परत दिला.

"पोरगी बरी हाय?"

मी मान हलवली.

ते आत गेले. जाऊबाई पिशवी छातीशी धरून तशाच उभ्या होत्या. थोड्या वेळाने ते बाहेर आले ते जुन्या, मातीने माखलेल्या कपड्यांत. माझ्या शेजारून, जवळजवळ पळतच, ते कांद्याच्या रानात निघून गेले.