गुणाजींची मान

सौदी अरेबियातील अल खफजीच्या कामगार कॅम्पात गुणाजींनी कधी प्रश्न विचारल्याचे कोणाला आठवत नव्हते. रोज पहाटे फोरमन कामाच्या सूचना इंग्रजीत सांगे, शेवटी ‘अंडरस्टूड?’ म्हणे, आणि सारे फिटर माना हलवीत. मग ‘यल्ला’, म्हणजे ‘चला’, म्हणून काम सुरू होई. जो प्रश्न विचारतो त्याला काम येत नाही, अशी तेथील समजूत होती आणि गुहागरकडचे गुणाजी तिच्यात पुरते मुरले होते.

२००७ साली, ऐन पंचेचाळिशीत, त्यांनी भारतातील एका मुक्त विद्यापीठाच्या पदविकेला नाव घातले. ती मिळाल्यास कंपनी त्यांच्या इकाम्यावर, म्हणजे तेथील रहिवासी परवान्यावर, ‘कामगार’ऐवजी ‘तंत्रज्ञ’ लावून देणार होती, आणि मग पत्नी पारूला इकडे आणता येणार होते. लग्नानंतरचा बहुतेक संसार दोघांनी फोनवरच केला होता.

नियंत्रण यंत्रणेचा वर्ग शुक्रवारी अल-खोबरला भरे. गुणाजी पहाटेची बस धरीत आणि वाटेत नाक्यावर इकामा दाखवीत वर्ग गाठीत. उमाकांत सर मन लावून शिकवीत. चार माणसे भेटत, चहा होई, फळ्यावरची आकृती डोळ्यांसमोर राही. परंतु सरांनी “कळलं ना?” म्हटले की गुणाजींची मान आपोआप हले, आणि सर पुढे जात. त्या विषयात ते एकदा नापास झाले होते. आता अखेरची संधी उरली होती.

गणिताचा वर्ग मात्र संगणकावर असे. हेमलता मॅडम पुण्याहून बोलत आणि विद्यार्थ्यांनी उत्तर टंकित करून पाठवायचे. संगणक होता खोलीतले सोबती हुसेनमियाँ यांचा. आवाज मध्येच तुटे, बोटांना अक्षरे सापडत नसत. भिंतीपुढे बसून शाळा शिकल्यासारखे गुणाजींना वाटे.

एके दिवशी मॅडमनी विचारले, “गुणाजी, कळलं का?”

गुणाजींनी मान हलविली.

“गुणाजी, आहात ना?”

त्यांनी आणखी जोरात मान हलविली. हुसेनमियाँ खाटेवर हसून लोळू लागले. “अरे गुणाजी, मुंडी कुणाला दाखवतोस? ती बाई पुण्यात बसलीय!”

“तुमचं उत्तर आल्याशिवाय मी पुढे जाणार नाही,” मॅडम म्हणाल्या.

आता लिहिणे भाग होते. खोटे लिहायला बोट धजेना. गुणाजींनी एकेक अक्षर शोधून लिहिले, ‘नाही कळले.’ मॅडम रागावल्या नाहीत. “बरं झालं सांगितलंत,” एवढेच म्हणून त्यांनी ते गणित पुन्हा सोडविले, आणि या वेळी ते गुणाजींना समजले.

पुढच्या शुक्रवारी खोबरला उमाकांत सरांनी विचारले, “कळलं ना?” साऱ्या माना हलल्या. गुणाजींची हलू लागली, ती त्यांनी आवरली.

“सर, नाही कळलं. गेल्या वर्षीही नव्हतं कळलं.”

“अहो, मग मान कशाला हलवत होतात?”

“सवय, सर.”

“सर, मलाही नाही कळलं,” मागून कोणीतरी म्हणाले, आणि वर्ग हसला.

सरांनी खडू ठेवला आणि गुणाजींना पाण्याच्या नळापाशी नेऊन हाती पेला दिला. “भरा. भरत आला की काय करता?”

“नळ आवळतो.”

“हाताला कोणी सांगितलं?”

“डोळ्यांनी.”

“तेच यंत्र करतं. एक भाग बघतो, दुसरा आवळतो.”

गुणाजी ओल्या हाताकडे पाहत राहिले. हे संगणकावर दाखविता आले नसते. मात्र ‘कळले नाही’ म्हणण्याचे बळ त्या संगणकापुढेच मिळाले होते, हेही त्यांनी मनोमन मान्य केले.

निकाल लागला. दोन्ही विषय सुटले. गुणाजींनी घरी फोन लावला.

“पारू, पास झालो. आता तुला इकडे आणता येईल. येशील ना?”

पलीकडे काहीच आवाज नाही.

“अगं, ऐकतेस ना?”

“केव्हाची मान हलवतेय मी,” पारू रडत म्हणाली.

गुणाजी मोठ्याने हसले. कित्येक वर्षांत ते इतके मोकळे हसले नव्हते.