डाव्या हाताचं मीठ

"मीठ डाव्या हातान? ह्यां चेडू कोणाचां? बापाशीन वळण लावल्यान नाय?"

ती पोर मी, नऊ वर्षांची. देवळात समाराधनेची पंगत बसली होती. मीठ वाढायचं काम आम्हा पोरांचं. पहिलं पान मानकऱ्यांचं. मी वाकले, चिमूटभर मीठ ठेवलं, आणि असं ओरडून त्यांनी पान तिथल्या तिथे दुमडलं. उठले. ते उठले म्हणून अख्खी रांग उठली. मी मिठाची वाटी धरून तशीच. डावा हात कुठे लपवू कळेना.

बाबा देवळामागे नारळ फोडत होते. त्यांना बोलावलं. हात जोडून म्हणाले, "चुकलां, मालकानू. पुन्ना असां होवचां नाय."

आता ऐका. बाबाही डावरेच. त्याच मानकऱ्यांच्या माडांवर चढून, डाव्या हातात कोयता धरून नारळ पाडायचे. त्या दिवशीच्या काळ्या वाटाण्यांच्या उसळीत तेच नारळ होते. मानकऱ्यांना ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं! बाबा हे बोलू शकले असते. नाही बोलले. माडांचं काम गेलं असतं तर आम्ही खाल्लं काय असतं?

घरी आल्यावर त्यांनीच काथ्याच्या दोरीने माझा डावा हात पाठीशी बांधला. मग रोज, अभ्यासाला बसले की. बांधताना माझ्याकडे बघत नसत. उजव्या हाताची अक्षरं म्हणजे कोंबडीने उकरलेलं अंगण. वर्गात हसायचे. सातवीत शाळा सुटली. कोणाला सांगणार? मलाच वाटायचं, हात पापी आहे.

आता तारकर्लीत एका खानावळीत मासे साफ करते. आतल्या बाजूला. तिथे हात कोणी बघत नाही.

माझी मुलगी सहा वर्षांची. तीही डावरी. परवा जेवताना तिने डावा हात ताटात घातला आणि मी फाडकन मारलं. ओढणीने हात बांधला. ती रडली नाही. म्हणाली, "आये, ह्या हातान काय केल्यान गो?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मी गाठ सोडली.

दुसऱ्या दिवशी तिच्या शाळेत गेले. बाईंना विचारलं, पोर डावरं का होतं? बाई म्हणाल्या, "पोटातलं बाळसुद्धा बहुतेक एकाच हाताचा अंगठा चोखतं, ताई. माणूस दगडाची हत्यारं करायचा तेव्हाही बरेचसे उजवे, थोडे डावखुरे. हे असं का झालं, ते नक्की अजून कोणालाच सांगता येत नाही."

कोणालाच नाही! आणि त्यापायी माझा बाप भर देवळात हात जोडून उभा होता.

बाबा आता नाहीत. माड अजून मानकऱ्यांचेच. पहिल्या पानावर त्यांचा मुलगा बसतो. मी एकटी बाई, त्यांचं काय वाकडं करणार? काही नाही.

पण यंदाच्या समाराधनेला माझी मुलगी मीठ वाढेल. डाव्या हाताने. मी तिच्या मागे उभी असेन. पान दुमडायचं तर दुमडा. रांग उठवा. हात जोडायला या वेळी कोणी येणार नाही.